फेब्रुवारीत अंदमान : दोन वर्षांच्या आतल्या लेकरासह मुक्काम कुठे करावा?

काळी_माती (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. कापसाची वेचणी आणि तुरीची मळणी आटोपली की फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही आठवडाभरासाठी अंदमानला जाण्याचे ठरवत आहोत. सोबत यजमान, सासूबाई आणि आमची मुलगी असेल. मुलगी आज वीस महिन्यांची आहे, म्हणजे प्रवासाच्या वेळी ती तेवीस महिन्यांची होईल. अरुणावती धरणापेक्षा मोठे पाणी तिने अद्याप पाहिलेले नाही; परंतु पाणी दिसले की हात सोडवून घेऊन सरळ त्याकडे धावायचे आणि हाती लागेल ती वस्तू तोंडात घालायची, अशा वयात ती सध्या आहे.

जवळच्या शहरातील एका प्रवासी एजंटाने आम्हांला जो आराखडा दिला आहे, त्यात पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम), हॅवलॉक (स्वराज द्वीप), नील (शहीद द्वीप) आणि पुन्हा पोर्ट ब्लेअर असे मुक्काम असून मध्ये बाराटांगची एक दिवसाची सहलही आहे. सर्व हॉटेलांची छायाचित्रे सुंदर आहेत. मात्र खोलीसमोरचे पाणी लेकराला उतरता येईल इतके उथळ आणि शांत आहे का, दुपारी तिला झोपवायला खोली जवळ पडेल का, आणि साधा मऊ भात व बिनतिखटाचे वरण वेळेवर मिळेल का, या माझ्या प्रश्नांना तेथून नीट उत्तर मिळत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने नकोत. आणि सेल्युलर जेल पाहणे ही त्यांची फार जुनी इच्छा आहे, ती अपुरी राहू नये असे मला मनापासून वाटते.

लहान मूल घेऊन जे तेथे राहून आले असतील त्यांनी कृपया सांगावे की कोणत्या बेटावर, कोणत्या किनाऱ्याजवळ आणि कशा प्रकारच्या जागेत राहणे योग्य ठरेल. पैसे जपून वापरायचे आहेत, तथापि लेकराच्या सोयीसाठी थोडे अधिक द्यावे लागले तरी आमची तयारी आहे.

वैनगंगाकाठ (जि. भंडारा)

ताई, प्रथम बाराटांगची सहल त्या आराखड्यातून काढून टाका. पहाटेच्या अंधारात निघून गाड्यांच्या ताफ्यासोबत जंगलातून जायचे, पुढे बोट, पुढे पायी चालणे, आणि परतताना पुन्हा तोच प्रवास. तेवीस महिन्यांच्या मुलीला आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना तो एक दिवस पुढचे दोन दिवस पुरेल इतका थकवा देईल.

आता मुक्कामाविषयी. लहान मूल सोबत असले की दिवसाचा बहुतेक वेळ खोली आणि खोलीसमोरचा किनारा यांतच जातो. त्यामुळे हॉटेल ठरवण्याआधी किनारा ठरवावा, आणि किनारा ठरवताना छायाचित्रे बाजूला ठेवून भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण नदी-तलावाकाठची माणसे. सकाळी जिथे पाणी होते तिथे दुपारी उघडा खडक असेल, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही, आणि हॉटेलवाले छायाचित्र तर भर भरतीच्या वेळीच काढतात.

हॅवलॉकच्या पूर्वेकडील गोविंदनगर आणि विजयनगर हे किनारे, ज्यांना तेथे ३ नंबर आणि ५ नंबर म्हणतात, यांवर मध्यम दरातील बहुतेक कॉटेजेस आहेत. जेट्टी आणि बाजार जवळ पडतो, सकाळी सूर्योदय समोर दिसतो आणि पाण्याला लाटा फारशा नसतात. परंतु ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि खाली मृत प्रवाळाचे धारदार तुकडे उघडे पडतात, त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पश्चिमेकडील राधानगर, म्हणजे ७ नंबर, तळापर्यंत वाळूचा आहे, त्यामुळे ओहोटीतही तेथे लेकराला खेळता येते. जीवरक्षक असतात, आणि किनाऱ्यालगत समुद्री मोहाच्या प्रचंड झाडांची दाट सावली आहे. (आपल्याकडच्या मोहाशी आणि चिकूशी या झाडाचे कुळ एकच आहे, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.) मात्र राधानगर जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर दूर आहे, तेथे राहण्याच्या जागा मोजक्या आणि बहुतेक महाग आहेत, आणि लाटाही पूर्वेकडच्या मानाने मोठ्या असतात, मुलीला घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे नेऊ नये. म्हणून मुक्काम पूर्वेकडे ठेवावा आणि एखाद्या दिवशी दुपारी साडेतीननंतर ऑटोने राधानगरला जावे, हे सोयीचे पडते.

नील हे त्याहून पुष्कळ लहान बेट आहे. ऑटोने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला अर्धा तासही लागत नाही, आणि बाजूला भाताची खाचरे, भाजीचे वाफे आणि केळी दिसत राहतात, त्यामुळे आजींना तेथे परके वाटणार नाही. जेट्टीला लागूनच भरतपूरचा किनारा आहे. भरती असताना तेथील पाणी बरेच अंतर आत जाईपर्यंत मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या आसपास राहते, तळ पांढऱ्या वाळूचा आणि लाट जवळजवळ नाही, त्यामुळे या वयाच्या मुलासाठी मी पाहिलेल्यांपैकी हा सर्वांत चांगला किनारा आहे. जेट्टीकडच्या बाजूला बोटी आणि जलक्रीडांची गर्दी असते, तेवढी टाळून थोडे पुढे बसावे. लक्ष्मणपूर सूर्यास्तासाठी उत्तम आहे, पण तेथे वाळूत प्रवाळाचे तुकडे पुष्कळ आहेत. सीतापूरला भरतीच्या वेळी किनारा अगदी अरुंद होतो, म्हणून लेकराला घेऊन तेथे राहू नये.

तिथीचाही विचार करावा, आणि तो आपल्या घरच्या दिनदर्शिकेवरून सहज करता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी अधिक वर चढते आणि ओहोटीला अधिक दूर जाते. अष्टमी उलटल्यानंतरचे एक-दोन दिवस भांगाचे असतात, तेव्हा हा चढ-उतार सर्वांत कमी असतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी सात वाजता भरती असेल तर आठवड्याने त्याच वेळी ओहोटी असते. आपण जाणार त्या तारखांचे भरतीचे वेळापत्रक आधी काढा. ज्या दिवसांत सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पाणी भरलेले असेल ते दिवस नीलला द्या, आणि ज्या दिवसांत त्या वेळी ओहोटी असेल ते हॅवलॉकला द्या, कारण तेथे राधानगरची वाळू हाताशी असते.

सकाळी सहा वाजता, असे म्हणण्यालाही कारण आहे. अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला असून घड्याळ मात्र तेच आहे. फेब्रुवारीत तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. सकाळी नऊनंतर ऊन लहान मुलाला सोसवत नाही, आणि संध्याकाळी सहाला पूर्ण अंधार असतो. तेव्हा दुपारचे पाच-सहा तास सावलीत आणि खोलीत घालवायचे आहेत, हे धरूनच खोली निवडावी.

माझी सूचना अशी : पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉकला दोन रात्री, नीलला तीन, आणि परतीच्या विमानाआधीची एक रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. वेळापत्रकाप्रमाणे हॅवलॉक आणि नील यांचा क्रम उलटा करता येईल.

सुईण_आजीची_नात (जि. गडचिरोली)

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझा मुलगा याच वयाचा असताना आम्ही या बेटांवर राहिलो होतो, म्हणून खोली आणि आरोग्य या दोनच गोष्टींबद्दल लिहिते.

हॅवलॉक आणि नील या दोन्ही ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठे सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत रुग्णालय, पोर्ट ब्लेअरमध्येच आहे. संध्याकाळनंतर प्रवासी बोटी चालत नाहीत. त्यामुळे सकाळी लेकरू मलूल दिसले, अंग तापले किंवा जुलाब सुरू झाले, तर आरोग्य केंद्रात दाखवण्याचे आणि परतण्याचे निर्णय दुपारच्या आत घ्यावेत, संध्याकाळवर ढकलू नयेत. जलसंजीवनीची पाकिटे, तापाचे औषध आणि तुमच्या डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेली मात्रा घरूनच सोबत न्या. बोट लागू नये म्हणून मोठ्या माणसांना जी गोळी देतात ती दोन वर्षांखालील मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. बोटीत बसण्यापूर्वी पोटभर दूध पाजण्याऐवजी थोडे कोरडे खाणे द्या आणि शक्यतो मधल्या रांगेतील आसन घ्या, कारण तेथे हेलकावा कमी जाणवतो.

खोलीविषयी हॉटेलला फोन करून स्वतः विचारा, एजंटाच्या मार्फत विचारू नका. खोली तळमजल्यावर आहे का आणि दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आणि बंद होणारे फाटक आहे का? कुंपण नसलेला तलाव खोलीच्या दारासमोर असेल तर ती जागा कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. वाकून पाहताना ते तोल जाऊन आत पडते, त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि या सगळ्यात ओरडण्याचा आवाजही होत नाही. हाच धोका न्हाणीघरातील भरलेल्या बादलीत असतो. खोलीत शिरल्याबरोबर बादली रिकामी करून पालथी घालणे आणि न्हाणीघराला बाहेरून कडी लावणे, एवढे मी प्रत्येक ठिकाणी सर्वांत आधी करत असे.

कॉटेज नारळाच्या झाडाखाली असेल तर अंगणावर लोंबणारे नारळ उतरवलेले आहेत का, तेही पाहा. वाळूत सँडफ्लाय नावाच्या अगदी बारीक माश्या असतात. त्या चावल्यावर बराच काळ खाज सुटते आणि खाजवून जखमा होतात. मुलीला पहाटे व संध्याकाळी पायभर सुती कपडे घालावेत, उघड्या त्वचेवर खोबरेल तेलाचा जाडसर हात फिरवावा आणि वाळूवर थेट न बसवता चादरीवर बसवावे. घडीची लहान मच्छरदाणी सोबत असू द्यावी. पाण्यात उतरताना तिच्या पायांत रबरी तळाचे बूट हवेतच.

या बेटांवर खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. त्यांचा वावर प्रामुख्याने खाड्या आणि तिवरांच्या भागात असतो, तथापि २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका खाडीसारख्या भागात पोहणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झालेला आहे. घाबरून बेत रद्द करण्याचे कारण नाही. मात्र ज्या हॉटेलाच्या शेजारी खाडीचे मुख किंवा तिवरांचे रान आहे ते टाळावे, धोक्याची पाटी असेल तेथे पाण्याला पायही लावू नये, आणि दिवेलागणीनंतर लेकराला पाण्याकाठी नेऊ नये.

खाण्याची काळजी फार करू नका. तेथील वस्ती बहुतांशी पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची आहे, भात आणि पातळ मसूर डाळ त्यांच्या रोजच्या जेवणात असते, आणि “बच्ची के लिए, बिना मिर्च” एवढे आधी सांगितले तर स्वयंपाकघरातून ते आनंदाने करून देतात. तरीही भाजलेल्या मूगडाळ-तांदळाची भरड, राजगिऱ्याचे लाडू आणि दुधाची भुकटी न्यावी. खोलीत विजेची किटली वापरू देतात का, हे फोनवरच विचारून ठेवावे.

तूरवाला (आर्वी तालुका, जि. वर्धा)

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु मुक्काम बदलण्याबाबत माझे मत वेगळे आहे. लहान मूल नव्या खोलीत पहिल्या रात्री नीट झोपत नाही, दुसऱ्या रात्री रुळते, आणि तेवढ्यात आपण सामान आवरून पुढच्या बेटाकडे निघतो. प्रत्येक स्थलांतराला खोली सोडणे, जेट्टीवर उन्हात सामानाची तपासणी, बोट, पुन्हा ऑटो आणि नवी खोली मिळेपर्यंतची वाट पाहणे, असा अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस नेमका तिच्या झोपेचा असतो.

म्हणून मी सुचवीन की नील पूर्णपणे सोडून द्यावे आणि मधल्या सर्व रात्री हॅवलॉकलाच, गोविंदनगरच्या बाजूला, एकाच ठिकाणी काढाव्यात. तेथे बाजार, औषधांचे दुकान आणि खानावळी नीलपेक्षा अधिक आहेत. ओहोटीत समोरच्या पाण्यात उतरता आले नाही तरी उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर शंखात राहणारे इवले खेकडे चालत असतात. माझा पुतण्या उकिडवा बसून एकेकाच्या मागे तासन् तास सरकत राहायचा, त्याला दुसरे खेळणे लागले नाही. (ते खेकडे आणि शंख मात्र तेथेच सोडायचे असतात, सोबत आणायचे नसतात.) एलिफंट बीचचा आग्रह कोणी केला तर नम्रपणे नाकारा, कारण तेथे वेगवान बोटीने किंवा जंगलातून चालत जावे लागते.

वीज अधूनमधून जाते, म्हणून जनित्र खोलीतील पंख्याला आणि एसीला पुरते का, हे विचारावे. आणि जनित्राच्या अगदी शेजारची खोली घेऊ नये.

काळी_माती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुईण_आजीची_नात ताई, बादलीविषयी आपण लिहिलेले वाचून मी आजच आमच्या घरच्या न्हाणीघराची कडी वर बसवून घेतली.

बाराटांग रद्द केले आहे. यजमानांना तूरवाला भाऊंचे म्हणणे पटते, आणि माझा कल नीलकडे आहे, कारण सासूबाईंना शेती-भाजीच्या गावात करमेल आणि मुलीला शांत पाणी मिळेल. एक बेट सोडायचेच असेल, तर हॅवलॉक सोडून मधल्या सर्व रात्री नीललाच राहावे का, असा विचार मनात आला आहे. तसे करणे योग्य होईल का? पोर्ट ब्लेअरमध्ये कोणत्या भागात राहावे, आणि विमान, बोट व खोली यांपैकी आधी काय निश्चित करावे, हेही कृपया सांगावे.

वैनगंगाकाठ

ताई, नीललाच सर्व रात्री राहणे अगदी योग्य होईल. पोर्ट ब्लेअरहून नीलला थेट बोटी आहेत, खासगी वेगवान बोटीने दीड ते दोन तास लागतात, आणि त्यामुळे तूरवाला भाऊंचा मुक्काम न बदलण्याचा मुद्दाही सांभाळला जातो. राधानगर राहून जाईल, पण मुलगी मोठी झाल्यावर ते पाहता येईल. भरतपूरच्या किनाऱ्यापर्यंत चालत पोहोचता येईल अशी तळमजल्याची कॉटेज शोधा. अगदी वाळूलगतच्या खोलीसाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही. उलट मधे बाग असलेली मागची खोली बरी, कारण दार उघडे राहिले तरी मुलगी एकदम पाण्यावर पोहोचत नाही.

पोर्ट ब्लेअरमध्ये अबर्डीन बाजाराच्या परिसरात राहा. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत, आणि जी. बी. पंत रुग्णालय त्याच आवाराला लागून आहे. म्हणजे आजींचे दर्शन आणि आपला धीर दोन्ही एका हाकेवर राहतील. जेल सकाळी उघडल्याबरोबर पाहावे. वरचे मजले जिन्याचे आहेत, पण आजींना तळमजल्यावरील कोठड्या, अंगण आणि प्रदर्शन जिना न चढता पाहता येते. रात्रीचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम मुलीच्या झोपेच्या वेळेवर येतो, तेव्हा यजमान आणि आजी यांनी जावे आणि आपण खोलीवर थांबावे.

आरक्षण करताना आधी विमान, लगेच त्यानंतर बोट आणि शेवटी खोली, असा क्रम ठेवा, आणि खोली रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच घ्या, कारण समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. त्याच कारणासाठी विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरला परतलेले असावे. नागपूरहून थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबाद येथे बदलावे लागते, आणि आपल्याला तर नागपूर गाठायलाच तीन-चार तास लागतील, म्हणून मध्ये किमान तीन तासांचे अंतर असलेली जोडणी निवडा. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसवून नेता येते, परंतु परतीच्या तारखेलाही तिला दोन वर्षे पूर्ण झालेली नसावीत. झालेली असतील तर परतीसाठी वेगळे आसन घ्यावे लागते. तेवीस महिने म्हणजे हा हिशेब अगदी काठावर आहे, त्यामुळे तारखा ठरवण्याआधी जन्मदाखला समोर घेऊन बसा आणि त्याची प्रत सोबतही ठेवा, कारण विमानतळावर ती मागतात. बोटीचे तिकीटही लेकराच्या नावाने काढावे लागते.